मानमोडी, आवळा आणि डब्यातली ताकद



आज एका जुन्या साथीची गोष्ट सांगायची आहे. जुनी माणसं तिला ‘मानमोडी’ म्हणायची. नावातच दुखणं आहे. डॉक्टरी भाषेत तिचं नाव इन्फ्लुएन्झा, म्हणजे आपण ज्याला फ्लू म्हणतो तो. त्या साथीपासून सुरुवात करून आपण आजच्या एका प्रश्नापर्यंत येणार आहोत. तो प्रश्न तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी विचारलेला आहे: “ताई, ते अँटिऑक्सिडंट का काय म्हणतात, त्यानं फ्लू बरा होतो का?”

साल १९१८. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. हिंदुस्थानातले लाखो शिपाई परदेशात लढायला गेले होते आणि त्यांची ने-आण करणारी जहाजं मुंबईच्या गोदीत लागत होती. त्या वर्षी १० जूनला मुंबईत गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापानं दवाखान्यात दाखल झाले. काही दिवसांत गोदीतले हमाल, कचेऱ्यांतले कारकून, गिरण्यांतले कामगार अंथरूण धरू लागले. मुंबईचे त्या वेळचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांनी लिहून ठेवलं आहे की ही साथ रात्री चोर शिरावा तशी शहरात शिरली. जून-जुलैत ती ओसरली. लोकांना वाटलं, गेली. पण सप्टेंबरात ती परत आली आणि या वेळी जीव घेऊ लागली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसं दगावली.

मुंबईतून साथ रेल्वेनं देशभर गेली. त्या वेळी आपला परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मनमाडहून परभणीवरून सिकंदराबादला जाणारा लोहमार्ग तेव्हा सुरू झालेला होता. आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला होता. विहिरी आटलेल्या, धान्य महाग, जनावरांना चारा नाही. अशा उपाशी अंगांवर साथ येऊन पडली. १९११ च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३४ लाख होती, ती १९२१ च्या जनगणनेत १ कोटी २५ लाखांवर आली. दहा वर्षांत माणसं वाढायची, ती घटली. सगळ्या देशाचंही तेच झालं. आपल्या देशाच्या जनगणनेच्या इतिहासात माणसं कमी झाल्याचं दशक हे एकच. साथीत देशभर किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी माणसं या साथीनं गेली नाहीत.

यातल्या दोन गोष्टी बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवाव्यात अशा आहेत.

पहिली. हिंदुस्थानात या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. का? घरातल्या आजारी माणसाची सेवा बाई करत होती, म्हणजे रोगाच्या सगळ्यात जवळ तीच होती. ती स्वतः तापानं फणफणली तरी चूल, पाणी, लेकरू तिच्याच माथी होतं. विश्रांती नव्हती. आणि दुष्काळात ताटात शेवटी उरेल ते तीच खात होती. गरोदर बायांचे तर फार हाल झाले.

दुसरी. मुंबईत या साथीनं सगळ्यांना सारखं मारलं नाही. इंग्रज वस्तीत दर हजारी आठ-नऊ माणसं गेली आणि ज्यांना तेव्हा खालच्या जातीचे म्हणत त्या गरिबांच्या वस्तीत दर हजारी साठाहून जास्त. रोग एकच होता. वेगळं होतं ते खाणं, घरातली हवा आणि आजारात कोणी विचारपूस करायला असणं. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी तेव्हा वस्त्यांमध्ये जाऊन औषधं, दूध, घोंगड्या वाटल्या. औषध म्हणजे तरी काय, ताप उतरवायचं मिश्रण. फ्लूवरचं खरं औषध तेव्हा जगात कोणाकडेच नव्हतं. फ्लू विषाणूमुळे होतो हेसुद्धा माहीत नव्हतं. माणसातला फ्लूचा विषाणू शोधला गेला तो १९३३ साली, लंडनमध्ये. म्हणजे साथ येऊन गेल्यावर पंधरा वर्षांनी.

औषध नव्हतं म्हणून लोकांनी काय केलं? जे हाताशी होतं ते सगळं केलं. काढे, धुरी, दारू, कांदा, अंगारा, देवीचा नवस. इंग्लंड-अमेरिकेतही तेच झालं. तिकडेही लोक कांदे खात होते, कापूर गळ्यात बांधत होते. आणि गंमत म्हणजे यातलं प्रत्येक औषध कोणाला ना कोणाला ‘लागू’ पडलं. कारण फ्लू हा असा आजार आहे की शंभरातली बहुतेक माणसं आठवड्याभरात आपणहून बरी होतात. मग त्या आठवड्यात काढा घेतलेला असेल तर काढ्याचं नाव होतं आणि अंगारा लावलेला असेल तर अंगाऱ्याचं. जी माणसं गेली ती “मला गुण आला नाही” असं सांगायला राहिली नाहीत. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण आजचे डबे विकले जातात ते याच्याच जोरावर.

आता त्याच १९१८ सालातली दुसरी एक गोष्ट. तमिळनाडूतल्या कुन्नूरला एका खोलीत मॅकॅरिसन नावाच्या इंग्रज डॉक्टरानं एक छोटी प्रयोगशाळा सुरू केली. विषय होता, निकृष्ट खाण्यानं होणारे आजार. तीच खोली पुढे मोठी पोषण संशोधन प्रयोगशाळा झाली, १९५८ मध्ये हैदराबादला आली आणि आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. अंगणवाडीत, आरोग्य केंद्रात लेकरांच्या आणि गरोदर बायांच्या आहाराचे जे तक्ते असतात, त्यामागचे आकडे तिथूनच येतात. एकीकडे साथ देश रिकामा करत होती आणि दुसरीकडे कोणीतरी विचारायला लागलं होतं की खाण्याचा आणि आजाराचा संबंध काय.

या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत पुढे एक मराठी बाई सहायक संचालक म्हणून काम करून गेली. तिचं नाव डॉ. कमला सोहोनी. माहेरची कमला भागवत, लेखिका दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. जन्म १९११. मुंबईत बी.एस्सी. झाल्यावर १९३३ मध्ये तिनं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथले संचालक होते नोबेल मिळालेले सर सी. व्ही. रामन. त्यांनी सांगितलं, मुलींना घेत नाही. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. मुंबईतल्या गांधीजींच्या काळातल्या पोरी त्या. त्यांनी तिथेच सत्याग्रह मांडला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. वर्षभर काम बघू, मगच पक्कं धरू. वर्षभरात काम असं दिसलं की त्यानंतर त्या संस्थेची दारं मुलींना उघडली.

तिथे कमलाबाईंनी दूध आणि डाळी यांच्यातल्या प्रथिनांवर काम केलं. मग त्या इंग्लंडात केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना दिसलं की वनस्पतींच्या पेशीत ‘सायटोक्रोम सी’ नावाचं द्रव्य असतं. श्वासातून आलेला ऑक्सिजन वापरून पेशी ताकद तयार करतात, त्या साखळीतला हा एक दुवा आहे. चाळीस पानांच्या प्रबंधावर त्यांना १९३९ साली पीएच.डी. मिळाली.

त्या ज्या हॉपकिन्स साहेबांच्या विभागात काम करायला गेल्या होत्या, त्याच ठिकाणी दहा वर्षं आधी हंगेरी देशाचा एक शास्त्रज्ञ काम करत होता. नाव सेंट-ग्यॉर्गी. त्याचा प्रश्न साधा होता. काही फळं कापली की काळी पडतात, काही पडत नाहीत, असं का? आपण वांगं चिरतो, ते लगेच काळं पडायला लागतं. म्हणून आपण ते पाण्यात टाकतो आणि थोडं लिंबू पिळलं तर ते बराच वेळ पांढरं राहतं. हवेतला ऑक्सिजन वस्तूला लागतो आणि ती खराब करतो. लोखंडाला गंज येतो, तेल खवट होतं, वांगं काळं पडतं, या सगळ्याच्या मुळाशी हेच आहे. याला ऑक्सिडेशन म्हणतात. त्याला अडवणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. एवढाच त्या मोठ्या शब्दाचा अर्थ.

सेंट-ग्यॉर्गीनं असा एक अडवणारा पदार्थ वेगळा काढला, पण तो फार थोडा मिळत होता. पुढे तो हंगेरीतल्या सेगेड गावी प्राध्यापक झाला. तो मिरच्यांचा मुलूख. असं सांगतात की एका रात्री बायकोनं जेवणात ताजी लाल मिरची वाढली. त्याला ती खायची नव्हती. “ही मी प्रयोगाला नेतो,” म्हणून तो ताटावरून उठला आणि प्रयोगशाळेत गेला. त्या मिरचीत त्याला तो पदार्थ भरपूर सापडला. तोच ‘क’ जीवनसत्त्व. १९३७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आपल्या ठेच्यातल्या हिरव्या मिरचीतही ते भरपूर असतं, आणि आवळ्यात तर संत्र्याच्या कितीतरी पट. कार्तिकात आपण आवळीखाली जेवतो, तुळशीच्या लग्नात आवळा ठेवतो, चरकाच्या ग्रंथात च्यवनप्राशचा मुख्य घटक आवळाच आहे. आपल्या माणसांना जीवनसत्त्व हा शब्द माहीत नव्हता, पण फळाची पारख होती.

‘क’ जीवनसत्त्व कमी पडलं की हिरड्यांतून रक्त येतं, जखम भरत नाही, माणूस खंगतो. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. पूर्वी महिनोन्महिने जहाजावर राहणारे खलाशी त्यानं मरत. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरानं बारा आजारी खलाशी निवडले आणि त्यांच्या सहा जोड्या लावल्या. बाकी जेवण सगळ्यांना सारखं. एका जोडीला शिरका, एका जोडीला समुद्राचं पाणी, एका जोडीला संत्री आणि लिंबू, असं प्रत्येकीला वेगळं दिलं. आठवडाभराच्या आतच लिंबू-संत्रं खाणारे उठून बसले. बाकीच्यांना तेवढा गुण आला नाही.

यात लिंबापेक्षाही मोठी गोष्ट आहे ती तुलना करण्याची. आपण नवीन बियाणं घेतलं की अर्ध्या वावरात नवीन पेरतो, अर्ध्यात जुनं. माती एक, पाऊस एक, मग उतारा बघतो. सगळ्या वावरात नवीन पेरलं आणि पीक चांगलं आलं, तर ते बियाण्यामुळे आलं की पावसामुळे, कसं कळणार? औषधाचंही तसंच आहे. औषध दिलेली माणसं आणि न दिलेली माणसं शेजारी-शेजारी ठेवून मोजलं, तरच गुण कळतो.

तर असं मोजल्यावर फ्लूबद्दल काय दिसलं?

आधी हे बघू की अँटिऑक्सिडंटचा आणि फ्लूचा संबंध शास्त्रज्ञांना का वाटला. फ्लूचा विषाणू फुप्फुसात शिरला की शरीराचे पहारेकरी त्याच्यावर तुटून पडतात. ते ऑक्सिजनपासूनच एक जहाल मारा तयार करतात. बांधावरचं काटेरी गवत जाळायला आपण काडी लावतो तसं. पण वारा सुटला तर जाळ उभ्या पिकात शिरतो. फ्लू फार जोरात झाला की असंच होतं. विषाणूला मारायला पेटवलेला जाळ फुप्फुसालाच भाजतो. मग वाटलं, हा जाळ आटोक्यात ठेवला तर रोगी वाचेल का?

१९८९ मध्ये जपानच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर हे करून बघितलं. आपल्या शरीरात जाळ विझवणारं एक द्रव्य असतं, ते त्यांनी टिकेल अशा रूपात फ्लू झालेल्या उंदरांना टोचलं. लागण झाल्यावर पाच ते आठ दिवसांनी टोचलं तरी बरेच उंदीर वाचले. म्हणजे कल्पना पोकळ नव्हती. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि टोचलेलं द्रव्य म्हणजे दुधात ढवळलेली पावडर नव्हे.

माणसांवरचा एक चांगला प्रयोग इटलीत झाला, तो १९९७ मध्ये छापून आला. २६२ माणसं, बहुतेक वयस्कर. अर्ध्यांना सहा महिने एन-ॲसिटाइल सिस्टीन नावाची गोळी, अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. थंडीत फ्लूच्या विषाणूची लागण दोन्हीकडे सारखीच झाली. पण लागण झालेल्यांपैकी प्रत्यक्ष आजारी पडले ते गोळीवाल्यांत शंभरातले २५ आणि नुसत्या गोळीवाल्यांत शंभरातले ७९. फरक मोठा आहे. पण हा एक प्रयोग झाला. एका प्रयोगावर डॉक्टर उपचार बदलत नाहीत, जसं एका वर्षाच्या उताऱ्यावर आपण सगळं वावर बदलत नाही. आज फ्लूचा ठरलेला उपचार म्हणून ही गोळी देत नाहीत.

आता ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या. अमेरिकेत लायनस पॉलिंग नावाचे फार मोठे शास्त्रज्ञ होते, दोन नोबेल मिळवलेले. त्यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की रोज भरपूर ‘क’ जीवनसत्त्व घेतलं तर सर्दी होत नाही. पुढे त्यात फ्लूही घातला. माणूस एवढा मोठा, म्हणून लोकांनी दुकानं रिकामी केली. मग इतरांनी तुलना करून मोजायला सुरुवात केली. अकरा हजारांहून जास्त माणसांवरच्या प्रयोगांचा मेळ घातला तेव्हा दिसलं ते असं: साध्या माणसाला रोज गोळी घेऊन सर्दी व्हायची थांबत नाही. रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी होते, मोठ्यांत शंभरात आठ आणि लेकरांत शंभरात चौदा एवढ्या हिशोबानं. म्हणजे सात दिवसांची सर्दी साडेसहा दिवसांत जाते. आणि सर्दी झाल्यावर गोळी सुरू केली तर खात्रीचा फायदा दिसत नाही. ही सर्दीची गोष्ट. फ्लूचा जोर तर याहून मोठा.

म्हणजे नोबेल मिळालेला माणूससुद्धा सांगत असेल, तरी मोजून बघावं लागतं. मग गाडीवर भोंगा लावून येणाऱ्याचं काय घेऊन बसलात?

जास्त घेतलं तर निदान नुकसान तरी नाही ना, असं तुम्ही म्हणाल. फिनलंडमध्ये २९ हजार विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन आणि ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन बघितल्या. वाटलं होतं, कॅन्सर कमी होईल. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर उलट वाढलेला निघाला. गाजरातून, शेवग्याच्या पाल्यातून जे पोटात गेल्यावर पचतं, तेच गोळीतून भसाभस गेलं तर अंगावर उलटू शकतं. ‘क’ जीवनसत्त्वाचा अतिरेक केला तर पोट बिघडतं, मुतखड्याची शक्यता वाढते.

२००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हाही आपण हे सगळं बघितलं. देशातला पहिला मृत्यू पुण्यात ३ ऑगस्टला झाला, शाळेत जाणाऱ्या एका मुलीचा. लगेच मोबाइलवर संदेश फिरले आणि रुमालात कापूर-वेलची बांधून माणसं हुंगत फिरू लागली. १९१८ चा कापूर एक्याण्णव वर्षांनी परत आला. पण या वेळी तीन गोष्टी नव्या होत्या. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत नमुना तपासून रोग ओळखता येत होता. ऑसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लू नावाच्या गोळ्या होत्या. आणि पुढच्याच वर्षी देशात तयार झालेली लस आली. टॅमिफ्लू बनवताना लागणारं मूळ द्रव्य मसाल्यातल्या चक्रीफुलातून काढतात. पण म्हणून मसालेभात खाऊन फ्लू बरा होत नाही. कारखान्यात त्यावर अनेक प्रक्रिया होतात तेव्हा कुठे औषध तयार होतं. झाडातून औषध येतं हे खरं, पण झाड म्हणजे औषध नव्हे. आवळ्यालाही हेच लागू आहे.

मग आवळा, लिंबू, पालेभाजी खायची नाही का? मैत्रिणींनो, उलट आहे. जास्त खायची, पण खऱ्या कारणासाठी.

कमलाबाई सोहोनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्यावर त्यांनी गरिबांच्या खाण्याचाच अभ्यास केला. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सांगण्यावरून त्यांनी नीरेवर काम केलं. नीरा म्हणजे ताड-शिंदीचा पहाटेचा, न आंबलेला गोड रस. त्यात आणि ताडगुळात ‘अ’ जीवनसत्त्व, ‘क’ जीवनसत्त्व आणि लोह असतं, आणि आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना ती दिल्यावर त्यांची तब्येत सुधारली, हे त्यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. नीरा अमुक रोग बरा करते, असं त्या म्हणाल्या नाहीत. अंगात जे कमी आहे ते भरून निघालं की माणूस उभं राहतं, एवढंच त्यांनी मोजून दाखवलं. पुढे त्यांनी ग्राहकांच्या मासिकातून भेसळीबद्दल आणि फसवणुकीबद्दल लिहिलं. विज्ञान शिकलेली बाई बाजारात जाणाऱ्या बाईच्या बाजूनं उभी राहिली.

आज महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा शंभरात ५४ आहे. ‘क’ जीवनसत्त्वाचं खरं सिद्ध झालेलं काम इथे आहे. भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला ते मदत करतं. म्हणून पालक, तांदूळजा, अंबाडी, डाळ, जे काय असेल त्यावर ताटात लिंबू पिळा. शिजवताना नको, कारण उष्णतेनं ‘क’ जीवनसत्त्व कमी होतं. जेवल्यावर लगेच चहा नको, चहा लोह अडवतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं बाईला रोज ६५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागतं, बाळाला पाजणारीला ११५. एक मध्यम पेरू खाल्ला तर रोजचं भागतं. पेरू आपल्या परसात आहे, त्याचं बिल येत नाही.

आणखी एक गोष्ट तर परभणीचीच आहे. उंदरांना टोचलेलं ते जाळ विझवणारं द्रव्य आपलं शरीर स्वतःच तयार करतं, आणि त्याला तांबं आणि जस्त लागतं. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ नावाचं ज्वारीचं वाण दिलं. साध्या ज्वारीत किलोला साधारण ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असतं, तर यात सुमारे ४५ आणि ३२. भाकरीनं फ्लू बरा होतो असं मी म्हणत नाही, कोणी म्हणाली तर तिलाही अडवा. पण १९१८ मध्ये उपाशी अंगावर साथ आली तेव्हा काय झालं ते आपण बघितलं. भरल्या अंगावर आलेली साथ आणि रित्या अंगावर आलेली साथ यात फरक असतो. तो फरक डब्यात मिळत नाही, तो वर्षभराच्या ताटात असतो.

आता पैशाचं बोलू, कारण आपण बचत गटाच्या बायका आहोत. थंडीच्या दिवसांत अशा पावडरींसाठी गटाकडे अंतर्गत कर्ज मागणाऱ्या ताया असतात. त्यामागे लेकराची काळजी असते, म्हणून त्यांना हसू नका. पण पैसे देण्याआधी बैठकीत तीन प्रश्न विचारा. एक, हे कोणावर तपासलं, उंदरावर की माणसावर? दोन, न घेणाऱ्यांशी तुलना करून मोजलं का, आणि फरक किती आला? तीन, याच पैशात किती दिवसांचा पेरू, अंडी, शेंगदाणे, डाळ येईल? विकणाऱ्याकडे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नसतील तर तिसऱ्याचं उत्तर आपणच काढायचं आणि ठराव वहीत लिहायचा.

आणि घरात फ्लू आलाच तर? बहुतेक जण आराम, पाणी, पेज आणि तापाच्या गोळीवर बरे होतात. पण धाप लागली, छातीत दुखायला लागलं, ओठ निळे पडले, माणूस बरळायला लागलं, लेकरू पाजायला घेतलं तरी पीत नाही, ताप उतरून पुन्हा जोरात चढला, तर काढा उकळत बसू नका. आशाताईला हाक मारा, सरळ दवाखाना गाठा. गरोदर बाई, बाळंतीण, लहान लेकरू, म्हातारं माणूस, दमा किंवा साखर असलेलं माणूस, यांना ताप-खोकला येताच दाखवा. फ्लूची गोळी पहिल्या दोन दिवसांत सुरू केली तर सगळ्यात जास्त उपयोगी पडते. आवळ्याच्या भरवशावर ते दोन दिवस गेले तर दोष आवळ्याचा नाही. गरोदर बायांनी फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

शेवटची गोष्ट फक्त बायकांसाठी. १९१८ मध्ये आपल्या पणज्या का जास्त गेल्या ते आठवा. रोगी सांभाळणारी बाई स्वतः आजारी पडली तेव्हा तिला सांभाळायला कोणी नव्हतं. आज प्रत्येक वस्तीत आपला दहा-बारा जणींचा गट आहे. गटातली एखादी तापानं पडली तर तिच्या घरी भाकरी कोण पाठवेल, तिचं पाणी कोण भरेल, तिला दवाखान्यात कोण नेईल, हे थंडी सुरू होण्याआधीच्या बैठकीत ठरवून ठेवा. नावं वहीत लिहा. तिला दोन दिवस अंथरुणात पडू द्या, ताटात पहिली भाकरी तिला द्या.

पुढच्या बैठकीत घरातल्या जुन्या बायांना मानमोडीबद्दल विचारून या. त्यांच्या आजीनं सांगितलेलं काही ना काही निघेल. तेही वहीत लिहून ठेवा.